सावधान, सहावी ब!

आम्हा मास्तर लोकांकडे किस्से आपोआप जमतात. वर्गात हसायची सोय नाही, घरी ऐकायला कुणी नाही, मग ते स्टाफरूममध्ये पोह्यांसोबत बाहेर पडतात. पण जाधवजींच्या वर्षाचं बोलणं निघालं की पोहे प्लेटमध्येच राहतात.

जाधवजी म्हणजे फौजेतून रिटायर झालेले हवालदार. सुदामा नगरातल्या आमच्या हिंदी मुलखातल्या शाळेत पालक ओरडायचे, "बच्चे सुनते नहीं!" म्हणून प्रिन्सिपल मॅडमनी त्यांना डिसिप्लिन इनचार्ज केलं. मैदानावर नाही हं, थेट वर्गात! आणि सुरुवात माझ्या सहावी ब पासून.

*

पहिला नियम: उत्तर सगळ्यांनी उभं राहून, एका आवाजात द्यायचं.

मी विचारलं, "सेवन एट्स आर?"

पुढच्या बाकावरची एक पोरगी घाईत चुकली, आणि मागून बेचाळीस गळे गरजले, "फिफ्टी-फोर, मॅम!"

मी कपाळाला हात लावला. दारातले जाधवजी मात्र खुश. "उत्तर राहू द्या मॅडम, आवाज पाहा ना! एकदम एक!"

*

पेरेंट्स मीटिंगला एक वडील आले, छाती फुगवून. "मॅडम, कमाल आहे! पोरगी आता पाणी प्यायलासुद्धा परमिशन मागते. एकदम सुधर गई!"

ते सही करायला पुढे गेले, तशी तिची आई माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "ती इथे तरी बोलते का हो?"

*

दुसरा नियम: एकाची चूक, सगळ्यांना सजा.

सई लांबच्या बड़ा गणपती भागातून यायची. आईची ड्यूटी सकाळची, म्हणून धाकट्या बहिणीला अंगणवाडीत सोडून यायची आणि दहा मिनिटं लेट व्हायची. तेवढी दहा मिनिटं सगळा वर्ग सावधानमध्ये उभा. चौथ्या दिवशी तिच्या बाकावर कुणी बसेना. डबा ती एकटीच खायला लागली.

पुढच्या सोमवारी मी साडेसातला पोचले, तर चौकीदार म्हणाला, "मैडम, ये बच्ची साढ़े छह से खड़ी है."

बहिणीला शेजारणीकडे टाकून, काही न खाता आली होती. मी म्हटलं, "अगं, इतक्या लवकर?"

"मेरी वजह से किसी को खड़ा नहीं होना पड़ेगा ना, मॅम."

*

मी तडक जाधवजींना गाठलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, "मॅडम, आमच्याकडे रंगरूट, म्हणजे नवा भरती झालेला, अठरा वर्षांचा असतो. स्वतः सही करून येतो. एकाची चूक झाली तर दहा मरतात, म्हणून ती सजा."

"आणि इथे एकाची चूक झाली तर कोण मरतं?"

 दुपारी ते स्वतःच प्रिन्सिपल मॅडमकडे गेले, म्हणाले, हे बंद करू या. मॅडम म्हणाल्या, "पेरेंट्स खुश हैं, जाधवजी. कंटिन्यू कीजिए!"

आणि त्यांनी कंटिन्यू केलं. मीही गप्प बसले. हे सांगायलाच हवं.

*

त्याच आठवड्यात, पहिल्या तासाला, दुसऱ्याच कुणाच्या चुकीपायी सावधानमध्ये उभी असलेली उपाशी सई धाडकन पडली. बाकाची कड कपाळाला लागली, रक्त आलं.

वर्गात कुणी हललं नाही. बेचाळीस पोरं समोर बघत ताठ उभी! शेजारच्या पोरीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, पण हात मांडीला चिकटलेले.

मी धावत किंचाळले, "अगं, धरा ना तिला!"

ती शेजारची पोरगी मान न वळवता म्हणाली, "मॅम, ऑर्डर नहीं हुआ."

दारातल्या जाधवजींनी सईला उचललं आणि पळतच दवाखान्यात नेलं. तीन टाके पडले, सलाइन लागलं. संध्याकाळी ती उठून बसली. जाधवजी तोवर बाहेरच्या बाकावर होते. तिच्या आईसमोर त्यांनी हात जोडले.

*

दुसऱ्या दिवशी ते वर्गात आले. राजीनामा खिशात होता, ते मला नंतर कळलं. खुर्ची ओढून पोरांच्या उंचीला बसले.

"बेटा, कल जो हुआ, मेरी गलती थी. तुम सबको बहुत डर लगा होगा. आज कोई सावधान नहीं. जिसको रोना है, रो लो."



मग मागच्या बाकावरून एक हात सरळ वर गेला.

"सर, कितने मिनट?"