वाकडदरीचं तीस खाटांचं रुग्णालय

सत्यशीला सिस्टर चोवीस वर्षं एकाच सरकारी दवाखान्यात होत्या. इंजेक्शन देताना पेशंटला त्याच्या सुनेचं विचारायचं आणि तो चुगल्या सांगायला लागला की सुई काढून घ्यायची, ही त्यांची हातोटी. मग आरोग्य खात्याची पुनर्रचना झाली. दोन परिमंडळांची तीन झाली, तिन्हींना नवे साहेब मिळाले, साहेबांना नव्या खुर्च्या मिळाल्या आणि सत्यशीलाबाईंना मिळाली बदली. ग्रामीण रुग्णालय, वाकडदरी. खाटा तीस.

गोरेगावला उतरून दुसऱ्या जीपनं त्या वाकडदरीला पोचल्या. माळावर एक कोनशिला होती, तिच्या भोवती पन्नासेक मेंढरं. म्हातारे मसाजी एका मेंढीचं खूर साफ करत बसले होते.

"मामा, सरकारी दवाखाना कुठंय?"

"ह्योच की," मसाजींनी कोनशिलेकडं बोट केलं. "दोन सालाखाली नारळ फोडून गेले. काहून, तुमी डाक्टर हाव का?"

"सिस्टर आहे."

"मंग बसा. मेंढरं काय करत न्हाईत."

बाईंनी तिथूनच नव्या कार्यालयात फोन लावला. शिवहार नावाच्या लिपिकानं शांतपणे ऐकून घेतलं.

"मॅडम, इमारत बांधकामवाल्यांकडं. आमच्याकडं फक्त पुनर्रचना. तुमी रुजू व्हा."

"कशात रुजू होऊ? मेंढरांत? मी आपली जुन्या जागी परत येते."

"तिथलं पद आता राहिलंच न्हाई."

बाई रुजू झाल्या. मसाजींनी लिंबाखाली आपली बाज टाकून दिली, बाईंनी घरचं बीपीचं मशीन आणलं. चार-आठ दिवसांत आजूबाजूच्या वाड्यावस्त्यांवरून बाया यायला लागल्या. महिन्याच्या अहवालात खाटांचा रकाना होता. बाईंनी प्रामाणिकपणे लिहिलं, 'एक'. पुढच्या महिन्यात पत्र आलं की उर्वरित एकोणतीस खाटा का सुरू केल्या नाहीत, याचा खुलासा करावा. त्यांनी कळवलं, 'मसाजींकडे बाज एकच आहे.' त्या उत्तरावर आवक क्रमांक पडला आणि ते फायलीत गेलं.

इथवर बाई हसत होत्या. श्रावणात एका दुपारी मसाजींची सून दीपमाला बाळंतपणात अडली. बाईंनी रुग्णवाहिकेसाठी फोन केला. तिकडून एक गोड आवाज म्हणाला, "ताई, तुमच्या सगळ्यात जवळचं रुग्णालय वाकडदरीच दाखवतंय. तीस खाटांचं. तुम्ही तिथंच आहात ना?"

"अगं, इथं दगड आहे नुसता, दगड!"

"मग पुढं पाठवायला तिथल्या डॉक्टरांची चिठ्ठी लागेल."

बाईंनी फोन बंद केला आणि बाजेला लुगड्याचा आडोसा करायला सांगितलं. दोन तास गेले. लेकरू निळं पडलेलं आलं, रडेना. त्यांनी त्याची पाठ चोळली, तळपाय चोळले, देवाला आणि उपसंचालकांना एका दमात शिव्या दिल्या. शेवटी पोरगं रडलं. मग बाई कोनशिलेमागं जाऊन एकट्याच रडल्या.

अहवाल गेला. प्रसूती एक, मृत्यू शून्य, खाटांचा वापर शंभर टक्के. आढावा बैठकीत वाकडदरी परिमंडळात पहिली आली! दिवाळीनंतर परिमंडळाच्या कार्यालयातले तीन साहेब हे आदर्श रुग्णालय बघायला आले. मोठ्या साहेबांनी बाजेभोवती एक फेरी मारली.

"वा! इमारतीवाचून काही अडत नाही, हे तुम्ही सिद्ध केलंत सिस्टर. आम्ही आता पन्नास खाटांचा प्रस्ताव पाठवतोय."

बाजेवर गावातल्या पंचफुलाबाई होत्या. शेतातून नुकतंच उचलून आणलेलं, तोंड एका बाजूला ओढलेलं.

"साहेब, यांना झटका आलाय. तुमची गाडी पाहिजे."

"त्याची एक पद्धत असते सिस्टर. हे गाव आमच्याकडं, जिल्हा रुग्णालय दुसऱ्या..."

बाई ड्रायव्हरकडं वळल्या. "मागचं दार उघड."

ड्रायव्हरनं साहेबांकडं बघितलं, मग पंचफुलाबाईंकडं, आणि दार उघडलं. मसाजींनी चौघांना हाक मारून म्हातारीला आत निजवलं. बाई उशाशी बसल्या, गाडी गेली. तिन्ही साहेब मेंढरांत उभे राहिले.

"तीनची जीप हाय गोरेगावला," मसाजी अदबीनं म्हणाले. "आत जागा न्हाई मिळायची. पण मागं लटकता येतं."

पंचफुलाबाई वाचल्या. डावा हात अजून जड आहे, पण बोलतात, आणि जरा जास्तच बोलतात. महिनाभरात रुग्णवाहिकेच्या यादीतून वाकडदरीचं रुग्णालय गुपचूप गळालं, तेव्हापासून फोन केला की गाडी येते. पन्नास खाटांचा प्रस्ताव मात्र मंजूर झाला.

शासकीय वाहन विनापरवानगी वापरल्याबद्दल बाईंना नोटीस आली. त्यांनी लिहून पाठवलं, 'पेशंट वाचला. साहेबही घरी पोचले.'

शिवहारचा फोन आला. "मॅडम, खुलासा एवढाच?"

"एवढाच," बाई म्हणाल्या आणि समोर बसलेल्या बाईच्या दंडाला बीपीचा पट्टा बांधायला लागल्या.