जमिनीवरची पेटी

दिल्लीत लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये मी लहानाची मोठी झाले. उत्क्रांतीचा अभ्यास करते म्हटलं की तिथल्या काकू विचारायच्या, म्हणजे माकडांचं का? पुढे मी अंतराळातल्या जीवशास्त्राकडे वळले तेव्हा मात्र त्यांनीच पेढे मागितले. माकडांपेक्षा रॉकेट बरं, एवढंच त्यांचं म्हणणं. मला त्यांचा कधी राग आला नाही. नंतर ज्यांच्याबरोबर नोकरी केली त्यांची समजही साधारण तेवढीच निघाली, आणि ते डॉक्टरेट मिळवलेले होते.

आमची संस्था दिल्लीबाहेर, मानेसरच्या पलीकडे. काचेची इमारत, दारात फायबरचं रॉकेट. मी तिथे मातीतले जंतू वाढवायचे. माणसाची एक पिढी उलटेपर्यंत संशोधक म्हातारा होतो, जंतूंच्या मात्र जेवणाच्या सुट्टीत एक-दोन पिढ्या होऊन जातात. माणसं महिनोन्महिने यानात राहणार म्हटल्यावर त्यांच्या अंगावरचे, डब्यातले, हवेतले जंतूही तिथे राहणार आणि वजन नसलेल्या जागी पिढ्यान्‌पिढ्या बदलत जाणार. ते कसे बदलतात, हा माझा प्रश्न.

आमचे प्रमुख मराठी होते. मीटिंगमध्ये इंग्रजी, मंत्रालयाच्या फोनवर हिंदी आणि माझ्याकडून काही काढून घ्यायचं असेल तर मराठी. दार लोटून त्यांनी 'अगं, जरा बस ना' म्हटलं की आता काहीतरी सोडावं लागणार हे मी ओळखायचे. एकदा असंच बसवून त्यांनी माझ्या प्रस्तावातला 'उत्क्रांती' हा शब्द काढायला लावला. समितीतल्या काही लोकांना तो रुचत नाही म्हणाले. त्या जागी 'अनुकूलन' आलं, पैसे मंजूर झाले. तेव्हाच मला या माणसाची उंची कळायला हवी होती. पण एका परदेशी यानात आमच्या पेटीला जागा मिळत होती आणि ती संधी मला सोडवेना.

पेट्या दोन होत्या. एक वर जाणार, दुसरी हुबेहूब तशीच खाली राहणार: तेच जंतू, तेच खाद्य, तेवढंच तापमान. वरच्या पेटीत काही निराळं दिसलं, तर ते वजन नसल्यामुळे की दुसऱ्याच कशामुळे, हे खालच्या पेटीशिवाय सांगता येत नाही. शाळेतल्या मुलालाही हे पटतं. आमच्या प्रमुखांना ती पेटी म्हणजे अडगळ वाटायची. ती वर जात नाही, तिचा फोटो येत नाही.

वरची पेटी पृथ्वीभोवती फिरत असतानाच त्यांनी संस्थेत दोन दिवसांचा समारंभ घेतला. मे महिना, वीज सारखी जात होती. पाहुण्यांना सभागृहात उकडू नये म्हणून त्यांनी आमच्या मजल्यावरची जनरेटरची लाइन तिकडे वळवायला सांगितली. मी त्या दिवसांत पुण्याला परीक्षक म्हणून गेले होते. परत येऊन खालची पेटी ठेवलेल्या, गच्चीखालच्या खोलीचं दार उघडलं तर भट्टीसारखी झळ तोंडावर आली. तापमान राखणारं कपाट बंद पडलं होतं. आतले बहुतेक जंतू मेले होते. जे वाचले होते ते उकाडा सोसणारे होते. निवड झाली होती, पण अंतराळात नाही, मानेसरमध्ये.

मी प्रमुखांना सांगितलं की ही तुलना आता करता येणार नाही. जमिनीवरचा भाग पुन्हा नीट करू, तोवर गप्प बसू. त्यांनी मान डोलावली, बिल्कुल म्हणाले. वरची पेटी परत आल्यावर पंधरवड्यातच वर्तमानपत्रात आलं: अंतराळात भारतीय मातीतले जंतू जमिनीवरच्यापेक्षा जास्त तग धरतात. धरतीलच. जमिनीवरचे त्यांनी शिजवले होते.

त्या निकालावर संस्थेत व्याख्यान झालं. मी पुढच्या रांगेत बसले आणि शेवटी उभी राहून विचारलं, "सर, खालच्या पेटीचं तापमान किती होतं?"

"रूम टेम्परेचर," ते म्हणाले.

"मे महिन्यात? बंद खोलीत?"

सभागृहात हशा पिकला. लोकांना वाटलं, मी दिल्लीच्या उन्हाळ्यावर विनोद केला. प्रमुखही हसले आणि चहाची वेळ झाल्याचं त्यांनी जाहीर केलं. एवढी शिकलेली माणसं समोशाच्या दिशेने निघाली, आणि त्यातल्या निम्म्यांना तरी माझा प्रश्न कळला होता याची मला खात्री आहे.

शोधनिबंधावर मी माझं नाव घालू दिलं नाही. माझ्याकडे पीएचडी करणाऱ्या मुलीने तिचं घालू दिलं. ती मराठवाड्यातून आलेली, दिल्लीत मुनिरका भागात दोघींबरोबर एका खोलीत राहायची आणि जंतूंच्या वसाहती माझ्यापेक्षा नेटाने मोजायची. मी तिला कारण विचारलं.

"मॅडम, तुम्हाला कोणी काढू शकत नाही," ती म्हणाली. "मला काढतील."

"आणि उद्या कुणी विचारलं तर?"

"तुम्ही विचारलंत ना सगळ्यांसमोर. काय झालं?"

प्रमुखांबद्दल, समितीबद्दल, समोसेवाल्या विद्वानांबद्दल माझ्याकडे तुच्छता भरपूर होती. तिच्यासाठी मात्र ती गोळा करून पाहिली, जमली नाही. तिच्या प्रबंधावर मी सही केली, त्या निकालाचं प्रकरण वगळायला लावून.

हिवाळ्यात मी जमिनीवरचा भाग नव्याने केला, या वेळी स्वतःच्या इन्व्हर्टरवर. वरून आलेले गोठवलेले नमुने शेजारी ठेवून तुलना केली. फरक जवळजवळ नव्हताच. कंटाळवाणं, पण खरं उत्तर. एका लहानशा नियतकालिकात ते छापून आलं आणि माझ्या माहितीप्रमाणे ते कुणी वाचलं नाही. पहिला निबंध मागे घ्यावा म्हणून तो छापणाऱ्या संपादकांना लिहिलं. विचार करू, असं उत्तर आलं. अजून करत असावेत.

मला शाळांच्या सहलींना संस्था दाखवायच्या कामावर नेमलं गेलं. फायबरच्या रॉकेटपुढे उभं राहून मी मुलांना अंतराळवीर काय खातात ते सांगायचे. वर्षभर सांगितलं, मग राजीनामा दिला. प्रमुख निवृत्त झाले आणि लगेच एका मोठ्या समितीचे अध्यक्ष झाले. दिल्लीतल्या आमच्या मराठी मंडळाने त्यांचा सत्कार ठरवला, तेव्हा सेक्रेटरींनी परिचय करून द्यायला मलाच फोन केला. मी नको म्हटलं. "अहो, आपला माणूस आहे," ते समजावणीच्या सुरात म्हणाले. मी म्हटलं, म्हणूनच नको. त्यांना ते कळलं नाही, आणि मीही उलगडून सांगितलं नाही.

आता एका कॉलेजात पहिल्या वर्षाला शिकवते. फळ्यावर मोठ्या अक्षरांत 'उत्क्रांती' लिहिते. मुलं विचारतात, मॅम, हे परीक्षेत येणार का? येणार म्हटलं की लिहून घेतात, नाही म्हटलं की फोन काढतात. त्यांचं अज्ञान निदान उघडं असतं. मला त्यांच्याबरोबर बरं वाटतं.