अंधेरीहून आणलेली साक्ष

मुंबईला लोक समुद्र पाहायला जातात, नाहीतर मोठ्या दवाखान्यात. मी गेले एका माशीची चौकशी करायला. भंडारा रोडला गाडीत बसले तेव्हा माझा धाकटा भाऊ सुनील खिडकीशी उभा होता. गाडी हलायच्या आधी तो म्हणाला, "आपल्या घरची माशी नव्हती असं तिथं निघालं, तर मी सोता जाऊन सविताले घेऊन येतो." सविता त्याची बायको. पंचवीस मुलांच्या वर्गाला गप्प करणारी मी बाई, पण त्या वेळी मी नुसती मान हलवली.

तुमच्यापैकी पुष्कळांना आमच्या घरची गोष्ट ठाऊक आहे, पण ती तुम्ही पारावर ऐकलेली. घरात घडली तशी सांगते. मागच्या पावसाळ्यात सुनीलची मुलगी परी तापाने गेली. सकाळी अंगणात खेळत होती, रात्री झटके आले आणि दुसऱ्या दिवशी जिल्ह्याच्या दवाखान्यात संपलं सगळं. मेंदूचा ताप, वाळूमाशी (डासाहून लहान, केसाळ माशी) चावून झालेला, असं डॉक्टर म्हणाले. मग तपासणीचं पथक गावात आलं. त्यातल्या साहेबांनी आमच्याच अंगणात गाव गोळा करून समजावलं, की ही माशी मातीच्या भिंतीच्या भेगांत आणि गोठ्याच्या ओलीत राहते, तेव्हा भेगा लिंपून घ्या. माणूस सज्जन होता, सगळ्या गावासाठी बोलत होता. पण माझ्या आईने आधी भिंतीकडे पाहिलं आणि मग सविताकडे.

आपल्याकडे पावसाळ्याआधी भिंती लिंपायचं काम घरच्या सुनेचं. त्या वर्षी सविता टायफॉईडने अंथरुणात होती आणि भिंत तशीच राहिली. हातात लिंपणाचा गोळा घ्यायला सुनीलला कोणी मनाई केली नव्हती, मलाही नव्हती. तरी "भिंत लिंपली असती तर पोर वाचली असती" हे वाक्य आई एकदा बोलली आणि मग ते आमच्या घरात राहायलाच आलं. परीच्या मागे पुण्यानुमोदनाचा विधी झाला त्या दिवशी सविताचा भाऊ मुंबईहून आला आणि तिला घेऊन गेला. सुनीलने तिला थांबवलं नाही.

पुढे मुग्धा नावाची एक संशोधक मुलगी गावात आली. टॉर्च आणि काचेची नळी घेऊन ती घराघरांतून वाळूमाश्या गोळा करायची. आमच्या भिंतीतल्या घेतल्या, शेजारच्यांच्या घेतल्या, नदीपलीकडच्या गावांतल्याही घेतल्या. आमच्याकडेच जेवायची. कोणत्या गावच्या माश्या कोणत्या गावच्या माश्यांच्या नात्यातल्या, हे त्यांच्या जनुकांवरून पाहायचं, असं तिने मला सांगितलं. सुनीलने ते ऐकलं आणि त्याच्या डोक्यात कोर्टच उभं राहिलं. काम झालं, समोर बसून सांगेन, असा तिचा अंधेरीच्या प्रयोगशाळेतून फोन आला तेव्हा मला तिकडे पाठवायची घाई त्यालाच जास्त होती.

ठाण्याला उतरून मी घाटकोपरची बस धरली. मुलुंड मागे पडलं आणि हमरस्त्याच्या एका बाजूला खाडीची हिरवी झाडी दिसू लागली. आपल्याकडचं जंगल कोरड्या पायांनी उभं असतं, हे चिखलात पाय रोवून होतं. विक्रोळीचा थांबा आला. सविता तिथेच भावाकडे राहत होती. मी मान वळवून त्या इमारतींकडे पाहत राहिले, पण उतरले नाही. हात हलवत तिच्या दारात जायचं नव्हतं.

घाटकोपरहून मेट्रो घेतली. गारेगार डबा, चकचकीत दांडे आणि कोणी कोणाकडे पाहत नाही. मी एक स्टेशन आधीच उतरले आणि उन्हातान्हात चालत सुटले. वाटेत एका हॉटेलात इडली खाल्ली. सांबार गोड होतं. सावजी तिखटाला सरावलेल्या आमच्या जिभेला तो अपमानच वाटला, पण भूक लागली होती म्हणून वाटी पुसून खाल्ली. शेवटी रिक्षा केली. रोगाच्या माश्यांची प्रयोगशाळा म्हटल्यावर रिक्षावाला वळून म्हणाला, "काय ताई, इकडे माणसांना जागा नाय आणि माश्यांना ऑफिस?" दिवसभरात मी हसले ती तेवढीच.

प्रयोगशाळा जुन्या गाळ्यांच्या इमारतीत वरच्या मजल्यावर होती. मुग्धाने पाणी दिलं, चहा दिला, आईची तब्येत विचारली. पण तिला जोगेश्वरीच्या एका तबेल्यात (म्हशींच्या मोठ्या गोठ्यात) माश्या पकडायला जायचं होतं. इथल्या माश्यांचीही ती तुलना करते म्हणे. "चला ना मॅडम, तिथेच बोलू," ती म्हणाली. मुंबईत येऊन शेणाचा वास घ्यायचा योग माझ्या नशिबी होता.

तबेल्याच्या भिंतीला लागून काचेच्या खिडक्यांची उंच इमारत होती. मुग्धा म्हशींच्या मधून वाकून भिंतीच्या कोपऱ्यांत उजेड पाडत होती. मला एक माशी दाखवली तिने. इवलीशी, पंख वर करून बसलेली, उडाल्यासारखी करते आणि जरा पुढे जाऊन बसते. मुग्धाने नळीने हलकेच ओढून घेतली. एवढ्याशा जिवाने आमचं घर मोडलं, हे डोळ्यांनी पाहूनही खरं वाटेना.

तबेल्याचा मुकादम आम्हाला दूध देता देता तक्रार करत होता. शेजारच्या इमारतीत कोणाच्या हातावर पुरळ आलं तरी लोक तबेल्याकडे बोट दाखवतात आणि महापालिकेची माणसं फवारणीला येतात. मला हेवा वाटला. इथे माशी निघाली की महापालिकेला फोन जातो. आपल्याकडे माशी निघाली की सुनेला गाडीत बसवतात.

हातातलं दूध तसंच ठेवून मी मुग्धाला विचारलं, "आमच्या माश्यांचं काय निघालं?"

ती म्हणाली की तुमच्या घरची, शेजारची, नदीपलीकडची, त्या सगळ्या माश्यांची वस्ती एकच आहे. माशी स्वतः फार लांब उडत नाही, पण पिढ्यान्‌पिढ्या त्या एकमेकींत मिसळत आल्या आहेत. जनावरांबरोबर, कडब्याबरोबरही जात असतील, नक्की सांगता येत नाही.

"म्हणजे आमच्या घरच्या वेगळ्या नाहीत?"

"नाहीत. पण मॅडम, परीला कुठली चावली, ते यातून नाही ना कळत. कधीच कळणार नाही. मी पूर्ण वस्तीचा अभ्यास करते, एका घराचा नाही."

तिचं पहिलं वाक्य मी पदरात बांधलं. दुसरं तिथेच तबेल्यात सोडून दिलं. घर जोडायला निघालेल्या माणसाला अर्धं उत्तर पुरतं.

विक्रोळीला पोहोचले तेव्हा उन्हं उतरत होती. सविता नुकतीच कामावरून आली होती. एका पोळीभाजी केंद्रात ती पोळ्या लाटते. "जयभीम ताई," म्हणाली आणि पायाशी वाकली. पूर्वीपेक्षा वाळली होती, पण आवाज भरीव झाला होता. भाऊ-भावजय घरी नव्हते. तिने मला हातपाय धुवायला लावले आणि आधी जेवायला वाढलं. झणझणीत झुणका होता, आपल्याकडच्या हातचा. दोन घास खाल्ले आणि मला रडू आलं. ती पाठीवर हात ठेवून शेजारी बसली. तिच्या लेकराचं दुःख होतं आणि समजूत तीच माझी काढत होती.

मग मी सांगितलं सगळं. वस्ती एक आहे, आपली भिंत काही वेगळी नाही, तुझ्यावरचा ठपका गेला, आता सुनील स्वतः न्यायला येणार आहे. बोलताना मला वर्गात निकाल वाचून दाखवल्यासारखं वाटत होतं.

तिने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "ताई, एक इचारू? उलटं निघालं असतं तर?"

"म्हणजे?"

"आपल्याच भिंतीतली होती असं निघालं असतं, तर तुम्ही आल्या असत्या का?"

मी पानातला झुणका बोटाने गोळा करू लागले. ती वाट पाहत थांबली होती, रागाने नाही. त्या थांबण्यातच मला कळलं की तिला उत्तर माहीत आहे.

"तवाबी मी तिची मायच होती ना," ती म्हणाली. "मले कोनं एकदा तरी जवळ घेतलं का तिकडं? माह्याकून निस्ती भिंत लिंपाची राह्यली, अन् तुम्ही माश्याइले इचारत बसल्या. मी नाही येत, ताई. तुम्ही केव्हाबी या, जेवून जा."

तिने माझ्या पानात आणखी एक पोळी वाढली. मी ती खाल्ली.

परतीच्या गाडीत मी खिडकीला डोकं टेकून बसले होते. मला त्या मुग्धाचा राग आला नाही, पथकातल्या साहेबांचाही नाही. ते दोघे ज्ञान सांगत होते. त्या ज्ञानाचा आसूड आम्ही केला, आणि आता त्याच ज्ञानाचा माफीनामा करून मी तिच्याकडे घेऊन गेले होते. लेकरू गेलेल्या बाईला आधी निर्दोष ठरावं लागतं आणि मग घरात जागा मिळते, हा आपल्या गावाचा कायदा मुंबईच्या कुठल्या प्रयोगशाळेत तपासायला द्यायचा?

भंडारा रोडला सुनील घ्यायला आला होता. माझी पिशवी हातात घेत त्याने विचारलं, "काय निघालं?"

सविता कशी आहे, हे त्याने विचारलं नाही. मी वाट पाहिली. स्टेशनाबाहेर येईपर्यंत पाहिली. तो पुन्हा म्हणाला, "सांग ना ताई, आपल्याच घरची होती का?"

"हो," सविताचं 'उलटं निघालं असतं तर' आठवून मी म्हणाले. "आता जातोस तिला आणायला?"

तो पिशवी घेऊन तिथेच उभा राहिला.