दोन बोटं राखाडी

नानांनी मला आठ वर्षं फसवलं. माझ्याच कार बाजारात, माझ्याच गाड्यांवर, माझ्या डोळ्यांदेखत. आणि मी असा माणूस, की गिऱ्हाइकाच्या चपला पाहून तो कितीवर अडून बसणार ते सांगतो.

नानांचे हात मनगटापर्यंत काळे असत, म्हणून धुळ्यात सगळे त्यांना काळेनाना म्हणत. आमच्या उन्हात गाडीचं काळं प्लास्टिक तीन-चार उन्हाळ्यांत राखेच्या रंगाचं होतं. बंपर, दारांवरच्या पट्ट्या, चाकांवरच्या कमानी. इंजिन कितीही ठणठणीत असो, गिऱ्हाईक नेमकं तिथेच बोट ठेवतं आणि भाव पाडतं. ते प्लास्टिक पुन्हा काळं करणं हे नानांचं काम. तरुणपणी ते जळगावला पाइपच्या कारखान्यात होते. प्लास्टिकबद्दल ते घरातल्या हट्टी माणसाबद्दल बोलावं तसं बोलत.

नाना येण्याआधी मी गाड्यांना शेंगदाण्याचं तेल चोळायचो. नाना पहिल्यांदा आले तेव्हा त्यांनी बंपरवर बोट फिरवलं, वास घेतला आणि चारचौघांत म्हणाले, "हाई तेल शे, भाऊ. चार दिनमा उडी जाई, मंग गिऱ्हाईक तुले शोधत यी." मी चिडलो. त्यांनी शांतपणे मगभर पाणी ओतलं. तेलाचे ओघळ माझ्या पांढऱ्या बुटांवर आले.

त्यांची पद्धत म्हणजे माझ्या जिवाला घोर. गाडी सावलीत घ्यायची. शाम्पूच्या पाण्याने दोनदा घासायची, वाळवायची, स्पिरिटने पुसायची, मग स्पंजाने कोटिंगचा पातळ हात. तो सुकल्यावर दुसरा. फाटकात गिऱ्हाईक उभं असलं तरी नाना म्हणणार, "ओलं शे," आणि मांडी घालून बसणार. मजुरी एकदाच सांगत. मी कोथिंबिरीच्या जुडीलाही घासाघीस करतो. पण मी पाठ फिरवली की नाना स्पंज डब्यात टाकून झाकण लावत आणि चहा मागवत. दर वेळी मीच परत यायचो. एकदा रागाच्या भरात मी त्यांचा डबाच भिरकावला. त्यांनी तो उचलून निरखला. "झाकण घट्ट व्हतं, म्हनीसन वाचना तू," एवढंच म्हणाले.

दोंडाईच्याचे एक गुरुजी माझ्याकडून गाडी घेऊन गेले आणि तीन महिन्यांनी मेहुण्याला घेऊन परतले. मेहुणा फाटकातूनच ओरडला, "बंपर नवा, पट्ट्या नव्या, सगळं बदललंय! ठोकलेली गाडी गळ्यात मारली आमच्या!" बाजार भरलेला. शेजारचे दलाल कान टवकारून उभे. आमच्या धंद्यात ठोकलेली गाडी खपवल्याचा डाग एकदा लागला की दुकानाला कुलूपच. गाडी ठोकलेली नव्हती, हे मला ठाऊक होतं. दाखवायला मात्र हातात काही नव्हतं. म्हणून मी फक्त ओरडत होतो आणि जितका ओरडत होतो तितका खोटा वाटत होतो.

नाना पलीकडे एक गाडी घासत होते. हात पुसत आले आणि म्हणाले, "गुरुजी, जरा खाली वाका. चाकाजवळ, पट्टीची खालची कड पाहा."

गुरुजी वाकले. मीही वाकलो. काळ्याभोर पट्टीच्या खालच्या कोपऱ्यात दोन बोटं जागा राखाडी होती. फुटलेल्या टाचेसारखी, जुनीपुराणी. प्रत्येक पट्टीला, प्रत्येक कमानीला, बंपरलाही तशीच. नवा भाग तीन महिन्यांत असा होत नाही, हे मेहुण्यालाही कळलं. तो पुटपुटला, "मग आधी सांगायचं ना." गुरुजींनी माझा हात हातात घेतला. मला घाम फुटला होता, तो तेव्हा कुठे गार लागला. 

ते गेल्यावर मी नानांना धरलं. "प्रत्येक गाडीला सोडता? आठ वर्षं?"

"बठ्ठं, पुरं काळं करं, ते गाडीनं वय कोन सांगी?"

"मला सांगायचं नाही?"

"भाऊ, तू एकदा तरी वाकीसन दखं का?"

मी त्यांना शिव्या घातल्या. मग दोघांनी चहा घेतला.

गेल्या वर्षी मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि नाना मुलीकडे भुसावळला राहायला गेले. जाताना डबा आणि स्पंज माझ्या टेबलावर ठेवून गेले, मजुरी न सांगता. आता मीच सावलीत मांडी घालून बसतो. दोन बोटं सोडतो. गिऱ्हाइकाला आधी वाकायला लावतो, मग भावाचं बोलतो.

पण एक काटा सलतो. नाना, ती जागा तुम्ही मी खोटा ठरू नये म्हणून सोडत होता, की मी कधीतरी गिऱ्हाइकाला गाडीचं वय खोटं सांगणारच असं धरून चालला होता? फोनवर विचारलं की तुम्ही मुलीच्या हातात फोन देता. या रविवारी भुसावळला येतोय. चहा मागवून विषय बदलायचा नाही. आठ वर्षांचा जबाब द्यायचा, माझ्या तोंडावर.