साकवावरचं शेवाळ

एकोणीसशे नव्वदच्या आसपास मी दिग्गीकडच्या एका शाळेत मास्तर होतो. वाटेत ओढा लागायचा आणि त्यावर दोन ओंडके टाकून केलेला साकव. पावसाळ्यात रोज सकाळी एक म्हातारी त्या ओंडक्यांवर बसून, पुढे सरकत, कोयत्यानं शेवाळ खरवडायची. पाय रोवायला खाचाही पाडायची. नाव मी कधी विचारलं नाही. आदल्या वर्षी ती इथंच घसरून पडली होती. मोडलेलं मनगट वाकडंच जुळलं होतं.

एकदा मी अलीकडच्या काठावरून शहाणपण शिकवलं, "आजी, या वयात घरात बसावं."

पलीकडून खरवडत ती निम्म्यापर्यंत आली होती. कोयता थांबला नाही. "समदी हेच सांगत्यात. मी घरात बसल्यावर शेवाळ जातंय व्हय? उद्या दुसरी म्हातारी पडंल. मग तिलाबी बसवा घरात!"

मी साकवावर पाय ठेवला. तो सटकला आणि पंचविशीतला मी ओंडक्यावर दाणकन आपटलो.

तिनं माझ्याकडं नीट पाहून घेतलं.

"मास्तर, आता तुमीबी घरात बसा."