आजारी रोहूंना घेऊन राहुरीला

एसटी राशीनच्या पुढे गेली तेव्हा दोन्ही बाजूंना ज्वारी खिडकीला लागली होती. पुण्यातलं औषधांचं दुकान भाच्यावर सोपवून मी कर्जतजवळच्या शालनवहिनींकडे निघालो होतो. त्यांच्या शेततळ्यातल्या रोहूंच्या अंगावर लाल चट्टे आले, तेव्हा खाद्यात कालवायला अँटिबायोटिक मीच फोनवर सांगितलं होतं. चट्टे गेले, पण माशांनी खाणं सोडलं.

पोचताच आगटीवर (हुरडा भाजायच्या खड्ड्यावर) बोलावणं आलं. गरम दाणे माझ्या हातावर ठेवत वहिनी म्हणाल्या, "भावजी, खाद्य तसंच तरंगतंय."

"थंडीत मासे कमीच खातात," मी म्हणालो.

"शेजारच्या तळ्यातले खात्यात की."

पुढे मला हुरडा गोड लागला नाही.

सकाळी दोन रोहू पाण्याच्या कॅनमध्ये घालून आम्ही राहुरीला निघालो. नगरला गाडी बदलली. पुढे एका गतिरोधकावर कॅनचं झाकण उडालं आणि निम्मं पाणी सांडलं. पुढच्या बाकावरच्या आजोबांनी पाय वर घेत विचारलं, "कुठं नेताय यांना?"

"डागदराकडं. पोट बिघडलंय," वहिनी म्हणाल्या.

गाडीभर हशा पिकला. मग आजोबांनी आपल्या बाटलीतलं पाणी कॅनमध्ये ओतलं, मागून आणखी दोन बाटल्या आल्या.

राहुरीत माशांच्या आजारांवर काम करणाऱ्या एक मॅडम होत्या. त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली आधी मुळा धरणातल्या निरोगी माशाच्या आतड्यातला नमुना दाखवला. बाजार भरावा तशी जिवाणूंची गर्दी होती. मग आमच्या रोहूचा लावला. चारदोन ठिपके दिसले.

"हे जिवाणू अन्न पचवायला मदत करतात, रोगजंतूंना थारा देत नाहीत," मॅडम म्हणाल्या. "औषधानं रोगजंतूंबरोबर हेही मेले. कुणी दिलं होतं?"

वहिनींनी पुन्हा सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. माझं नाव त्यांनी घेतलं नाही.

"मी सांगितलं होतं," मी म्हणालो.

मॅडमनी औषध बंद करायला, पाणी बदलायला सांगितलं आणि खाद्यात मिसळायला उपयोगी जिवाणूंची भुकटी दिली.

 परत येताना नगर मागे पडल्यावर वहिनी म्हणाल्या, "मासे खाईपर्यंत तुमाला जायचं न्हाई."

मी राहिलो. रोज सकाळी काठावर बसून भुकटी लावलेलं खाद्य मूठमूठ टाकायचो आणि ते तसंच तरंगताना पाहून उठायचो. नवव्या दिवशी पाण्यावर एक बुडबुडा आला, मग एक तोंड, मग तळ्याचा तो कोपराच खदखदू लागला. वहिनी धावत आल्या. "खात्यात की हो भावजी," म्हणून तिथंच मातीत बसल्या.

पुण्याच्या गाडीत खिडकीशी जागा मिळाली. इतकी वर्षं मी काउंटरवरून औषधं देत आलो. पुष्कळांना बरं वाटलं असेल. कुणाला माझ्या सल्ल्यानं त्रास झाला असेल, तर ते सांगायला कुणी दुकानाची पायरी चढलं नाही. वहिनींनी मला बोलावून घेतलं, चूक डोळ्यांनी पाहायला लावली आणि ती निस्तरेपर्यंत रोज पोटभर जेवू घातलं.