माशांची खांदेमळणी

आमच्या घरी तीन सोनेरी मासे आहेत आणि त्यांची खांदेमळणी मी जातीनं केली आहे.

आम्ही पाटोद्यात राहायला आलो तसे बैल विकले. पोळ्याच्या आदल्या दिवशी अण्णा, म्हणजे माझे वडील, मोकळ्या अंगणाकडं बघून म्हणाले, "यंदा आवतन द्यायला दारात एक जनावर न्हाई." मला लई वाईट वाटलं.

तेवढ्यात माझी दहा वर्षांची सई म्हणाली, "हायेत की! माझे मासे!"

"मासा कुठं पाळीव असतो का गं? ना दावं, ना वेसण!"

"मांजरीला तरी कुठं असतंय, अण्णा?"

मी विचारात पडलो. खाऊ घालतो, पाणी बदलतो, मग पाळीव कसे नाहीत? नांगर ओढत नाहीत, हे खरं. (पण मी तरी कुठं ओढतो?)

मी टाकीपुढं हात जोडले. "आज आवतन घ्या, उद्या जेवायला या!" इथंच थांबायचं की नाही? पण म्हटलं, करायचं तर साग्रसंगीत! खांदेमळणीत बैलाच्या खांद्याला हळद-तूप चोळतात. आता माशाचा खांदा कुठं असतो? यावर आम्हा बापलेकांची दहा मिनिटं चर्चा झाली. (अण्णांच्या मते, पंखाच्या जरा वर.) मासा काही हाती लागेना. शेवटी मी वाटीभर हळद-तूप सरळ टाकीतच ओतलं. पोहता पोहता लागेल आपोआप!

टाकीचं वरण झालं! तिन्ही मासे वर येऊन तोंडं उघडायला लागले.

"लई आवडलंय त्यांना," अण्णा म्हणाले.

"मरायलेत ते!" सईनं भोकाड पसरलं. "पप्पा, ते मेले तर मी तुमच्याशी कधीच बोलणार न्हाई!"

बायको पुरणाचे हात घेऊन धावत आली. "अवो, काय करून ठिवलं हे!" तिनं पिंपातलं पाणी बादलीत ओतलं, मी चहाच्या गाळणीनं एकेक मासा उचलून त्यात सोडला. दोन पोहायला लागले. तिसरा आडवाच. सई बादलीपाशी उकिडवी बसून राहिली. माझ्याकडं बघेसुद्धा ना! अर्ध्या तासानं त्यानं शेपूट हलवलं, तेव्हा मी आधी देवाला आणि मग माशाला नमस्कार केला.

दुसऱ्या दिवशी स्वच्छ टाकीपुढं सई गेली, तिघं काचेला आले. अण्णा गेले, तिघं काचेला. मी गेलो, तर तिघं दगडामागं!

अण्णांनी जोरात मांडी थोपटली. "पाळीवच हायेत रं! तुला बरोबर वळखलं!"